ठिपक्यापुढची तीन अक्षरं

"काकू, डिस्क काही बोलत नाहीये," दुरुस्तीवाला पुन्हा म्हणाला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "बाबा रे, न बोलणारा एक माझ्याकडे आहे. दुसरा सांभाळायला मी तुझ्या दुकानात येत नाही." तो हसला. बाकावर बसलेले हे मात्र हसले नाहीत. काचेतून रस्त्याकडे बघत राहिले.

हे म्हणजे आमचे हे. माझा नवरा. नाव घ्यायची मला सवय नाही आणि या वयात लावूनही घ्यायची नाही. ऑफिसात ह्यांना टकटक म्हणायचे. तिथे हे मराठी टायपिस्ट होते. साहेब बोलणार आणि हे टाइप करणार, असं आयुष्य गेलं. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर, रिटायर झाल्यावर घरी लोकांचे प्रबंध. दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उतरवता उतरवता स्वतःचं बोलायचं राहून गेलं असावं, कारण घरी बोलणं अगदी मोजूनमापून. मी तासभर तोंड वाजवायचं आणि ह्यांनी शेवटी एक शब्द टाकायचा. पण तो शब्द असा नेमका पडायचा की माझा तासभर पाण्यात. सांगायचा मुद्दा, भांडणं बरोबरीत सुटायची.

आमची ओळखच मुळी टायपिंगच्या क्लासातली. माझं मशिन ह्यांच्या शेजारी होतं. मी कशीबशी परीक्षा पास झाले आणि पुढे मशिनला हात लावला नाही. हे पहिले आले. बोटं इतकी हलकी की मागे उभं राहून बघत राहावं. बोलण्यावर नाही, बोटांवर भाळले मी, हे आजही कबूल करते.

आणि एक खोड. चुकीचं अक्षर, जास्तीचा ठिपका, नको तिथे स्वल्पविराम ह्यांना सहन म्हणून होत नाही. औषधाच्या डबीतला कागदसुद्धा लाल पेनाने तपासतील. एकदा शेजारच्यांच्या मुलीची लग्नपत्रिका आली, ती दुरुस्त करून परत दिली. त्या बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

तर अशा माणसाच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मी डॉक्टरांनाच विचारलं, आवाज पूर्ण जाईल का. ते पूर्ण म्हणाले. हे काहीच म्हणाले नाहीत.

त्याच दवाखान्यात आवाज गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या एक ताई आहेत. त्या म्हणाल्या, "काका, ऑपरेशनच्या आधी तुमचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. रोजचं काय बोलता ते बोला. पुढेमागे उपयोगी पडेल." ह्यांनी मान हलवली. मग आठवडाभर दुपारच्या वेळी खोलीचं दार लोटून हे जुन्या कॉम्प्युटरपुढे बसले. लेकीने नवा लॅपटॉप दिला होता, तो कपाटात. त्यात माझी अक्षरं नाहीत, म्हणायचे. आत काय चाललंय ते मी विचारलं नाही. विचारून सांगणारा माणूस असता तर विचारलं असतं.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक आलं. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळालं, त्यातून भुंगा अडकल्यासारखा आवाज येई. हे ते टेकवून एकदा बोलले आणि यंत्र कपाटात गेलं, लॅपटॉपच्या शेजारी. मग लेकीने फोनवर सोय करून दिली. टाइप करायचं की फोन बोलतो. बोलते एक बाई. स्वच्छ, स्पष्ट, बातम्या सांगितल्यासारखी. "मला चहा हवा आहे." "माझा चष्मा कुठे ठेवला आहेस?" घरात सवत आणून बसवली म्हणा ना. एकदा भाजीच्या दुकानात ती बाई खणखणीत म्हणाली, "अर्धा किलो कांदे द्या," आणि रांगेतले सगळे वळून ह्यांच्याकडे बघायला लागले. कोणीतरी हसलं. ह्यांनी फोन खिशात घातला. त्या दिवसापासून टाइप करणंही बंद. हो असेल तर मान, नाही असेल तर मान. तोंडात मिठाची गुळणी धरून बसावं तसं बसून राहायचे.

लोक म्हणायचे, आधी तरी कुठे बोलायचे. लोकांना काय जातंय. न बोलणं आणि बोलता न येणं यात काय फरक असतो ते मला विचारा. मी चिडायची, ओरडायची, मुद्दाम उलटसुलट काहीबाही बोलायची. समोरून काही नाही. भिंतीशी भांडून कोणाचं समाधान होतं? आणि हे दिवसेंदिवस आत आत चालले होते. लेकीचा व्हिडिओ कॉल आला की हात हलवून बाजूला व्हायचे. पेपर वाचायचे, पण लाल पेन हातात घेईनासे झाले. ते बघून मात्र मला खरी भीती वाटली.

तेव्हा ताईंनी सांगितलं, आता नवी सोय निघाली आहे. माणसाची जुनी रेकॉर्डिंग दिली की फोन त्याच्याच आवाजात बोलतो. "काकांनी केलं होतं ना रेकॉर्डिंग? घेऊन या. बाईच्या आवाजात नाही बोलणार ते, पण स्वतःच्या आवाजात नक्की बोलतील." मी घरी आले ती जवळजवळ पळतच. कॉम्प्युटरचं बटण दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. पंख्याने एक सुस्कारा टाकला आणि जो गप्प झाला तो झालाच.

अशी मी दुरुस्तीवाल्याच्या दारात आले आणि तिथून माझ्या नशिबी चकरा लागल्या.

पहिल्यांदा म्हणाला, वीज देणारा डबा जळलाय. डबा बदलला, तर म्हणाला, कॉम्प्युटरच गेला, पण डिस्क काढून दुसऱ्याला लावता येईल. लावायला गेला, तर जुन्या डिस्कची वायर त्याच्याकडे नव्हती. ती येईपर्यंत मी रोज फोन करायची आणि तो रोज उद्या म्हणायचा. वायर आली, तर डिस्क बोलेना. मग काय केलं देव जाणे, एका दुपारी स्वतःच फोन करून म्हणाला, "काकू, दिसली." हे सोबत येतच होते. येऊन बाकावर बसायचे, एवढंच.

"दिसतेय," तो म्हणाला, "पण आत जाऊ देत नाही. म्हणते परवानगी नाही."

"कोणाची परवानगी?"

"मालकाची. फोल्डर ज्याने केलाय तो मालक. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडलं की ती ओळखत नाही."

"अरे, मालक हा काय इथे बसलाय," मी म्हटलं. "अहो, द्या परवानगी." ह्यांनी मान हलवली.

"मान हलवलेली कॉम्प्युटरला कळत नाही काकू."

"मलाही कळत नाही. तरी घर चालवतेच आहे ना?"

मग त्याने ती मालकी स्वतःच्या नावावर करून घेतली. त्यात दुपार गेली. एकेक फाइल विचारत होती म्हणे, तू कोण, तू कोण. माझे पाय भरून आले. शेवटी म्हणाला, झालं, उद्या सगळं कॉपी करून ठेवतो, पेन ड्राइव्ह घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी गेलो. लेकीच्या कॉलेजचे फोटो होते. लोकांचे प्रबंध होते, ढीगभर. विजेची बिलं होती. रेकॉर्डिंग नव्हतं.

"नीट बघ," मी म्हटलं.

"बघितलं काकू. आवाजाच्या जेवढ्या फाइली असतात त्या शोधायला मशिनला सांगितलं. एकही नाही." त्याने ह्यांच्याकडे बघत आवाज खाली आणला. "रेकॉर्डिंग झालंच नसेल. होतं असं, बटण दाबायचं राहतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मी ह्यांच्याकडे वळले. इतक्या दिवसांचं सगळं तोंडाशी आलं. "केलं होतंत का तुम्ही रेकॉर्डिंग? का दार लावून नुसतेच बसत होतात?" ह्यांनी मान हलवली. केलं. "मग कुठे गेलं? बटण दाबलं होतंत? ताईंनी एवढं समजावून सांगितलं, लेकीने माइक आणून दिला, एवढं एक काम तुम्हाला धड..." दुकानात आणखी दोघं होते. हे उठले, चपला घातल्या आणि चालायला लागले. मी मागून हाक मारली. वळले नाहीत.

खरं सांगते, मला वाटलं की ह्यांनी केलंच नाही. ह्यांचा स्वभाव मला माहीत. माइकसमोर बसले असतील, काय बोलायचं सुचलं नसेल, आठवडाभर तसेच बसून उठले असतील. घरी आले तर खोलीचं दार लोटलेलं. हे जेवायला आले, मान खाली घालून जेवले, गेले. मी लेकीला फोन करून रडले. ती म्हणाली, "आई, बाबांनी केलं म्हटलं ना? मग केलंच असेल. चूक करतील एक वेळ, खोटं नाही सांगणार." मी म्हटलं, तुला काय, तू लांब आहेस.

दोन-तीन दिवसांनी दुरुस्तीवाल्याचा फोन. डिस्क अजून माझ्याकडेच आहे, पुसून दुसऱ्या कामाला घेऊ का. मला काय झालं कोण जाणे. म्हटलं, थांब, मी येते. निदान परत तरी आणावी, म्हणून एकटीच गेले.

त्याच्या स्क्रीनवर ती डिस्क उघडीच होती. शेवटच्या फोल्डरात इंग्रजी अक्षरांची रांग. शब्द नाहीत, नुसतीच अक्षरं.

"हे काय आहे?"

"कचरा. व्हायरसने केलेल्या फाइली असतात अशा. नावं बघा ना, एकाला तरी अर्थ आहे का? आणि शेपूटही नाही. फोटोची फाइल असो, गाण्याची असो, नावापुढे ठिपका आणि तीन अक्षरं असतात. त्यावरून मशिन ओळखतं काय आहे ते. ह्यांना शेपूटच नाही, म्हणून मी ह्या घेतल्या नाहीत."

मी चष्मा पुसला. पहिलं नाव होतं पी, जी, के. त्याखाली जी, के, एस. त्याखाली यू, डी, के, एस. हे इंग्रजी नव्हे एवढं तर मलाही कळत होतं. पण ओळखीचं काहीतरी होतं, जिभेवर येत नव्हतं, बोटांत येत होतं.

"जरा सरक," मी म्हटलं आणि त्याचा कीबोर्ड पुढ्यात ओढला. पी कुठे आहे ते शोधलं. उजव्या हाताची करंगळी, वरची ओळ. त्या जागी आमच्या क्लासातल्या मराठी मशिनवर च असायचा. जी, डाव्या हाताची तर्जनी, मधली ओळ. ह. के, उजव्या हाताचं मधलं बोट. काना.

चहा.

मी पुन्हा करून बघितलं. चहाच. जी, के, एस म्हणजे हो. यू, डी, के, एस म्हणजे नको. पी, क्यू, डी, वाय, ए. ह्याला वेळ लागला. च, उकार, क, ल, वर अनुस्वार. चुकलं.

जुन्या कॉम्प्युटरला फाइलचं नाव मराठीत देता येत नव्हतं. म्हणून ह्यांनी दिलं ते मराठीच्या बोटांनी. पडद्यावर इंग्रजी उमटतंय ह्याची ह्यांना फिकीर नव्हती. बोटांनी चहा लिहिलं म्हणजे चहा. आणि त्या चहापुढे न मागता आलेला एक ठिपका आणि तीन इंग्रजी अक्षरं. ती दिसल्यावर आमचे हे काय करणार? टायपिंगची चूक म्हणून खोडणार. एकेक फाइल घेऊन, नीट, व्यवस्थित, सगळ्या फाइलींची शेपटं ह्यांनी छाटून टाकली होती. नक्की छाटायची का असं मशिनने दर वेळी विचारलंही असेल. ह्यांनी दर वेळी हो म्हटलं असेल.

मी कपाळावर हात मारला. हसावं की रडावं कळेना, म्हणून दुरुस्तीवाल्यावरच ओरडले. "बघतोस काय? लाव ती शेपटं परत."

त्याने पहिल्या नावापुढे ठिपका दिला, तीन अक्षरं लिहिली, आणि दाबलं.

"चहा," हे म्हणाले.

खरखरीत, घसा साफ न केलेला, ह्यांचाच. मी स्टूल ओढून बसले. तेवढ्यात त्याच फाइलीत, लांबून, स्वयंपाकघरातून एक बाई ओरडली, "आत्ताच तर झाला." ती मी होते.

ऐकल्या तेवढ्या फाइली तशाच निघाल्या. हे खोलीत बसून एकेक शब्द माइकमध्ये बोलत होते, आणि मला वाटत होतं की मला सांगतायत. त्या आठवड्यात हे सारखा चहा मागत होते आणि केलेला प्यायला येत नव्हते, ते मला आत्ता आठवलं. "नको." "अहो, पण मी विचारलंय कुठे?" "चुकलं." "ऐकू नाही आलं, परत बोला." दुरुस्तीवाला तोंडावर हात ठेवून हसत होता. त्याच्यावर रागवायचं त्राण माझ्यात नव्हतं.

पेन ड्राइव्ह घेऊन घरी आले. ह्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला, लावून दाखवलं. म्हटलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुम्ही ठिपका खोडलात, ठिपका. त्यापायी माझे जोडे झिजले." हे स्वतःचा आवाज ऐकत खाली बघून बसले होते. मग मी म्हटलं, "तुम्ही केलं होतंत. मीच नाही ऐकलं." ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि काढून घेतला. एवढंच.

पण पुढचं ऐका. ताईंकडे गेलो. त्यांनी कानाला हेडफोन लावून सगळ्या फाइली ऐकल्या, पुन्हा ऐकल्या, आणि मान हलवली. "काकू, ह्यावरून फोन काही शिकणार नाही. त्याला एकट्या माणसाचा आवाज लागतो. इथे जिथे काका आहेत तिथे तुम्ही आहात." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आजवर कोणी मला गप्प बसायला सांगितलं नाही असं नाही, पण न बसल्याची एवढी शिक्षा मिळेल असं वाटलं नव्हतं. ताईंना बिचाऱ्यांना वाईट वाटलं. त्यांनी ते शब्द जसेच्या तसे फोनवर टाकून दिले. शब्दाच्या बटणावर बोट ठेवलं की तो शब्द वाजतो. चहा, हो, नको, चुकलं, अगं. एवढ्यावर काय माणूस बोलणार? त्याला बोलणं म्हणायचं का? रस्ताभर मी धुसफुसत होते. आणि ह्यांनी घरी येऊन फोन टेबलावर ठेवला तो ठेवलाच.

संध्याकाळी मी भांडी घासत होते. आतून आवाज आला.

"अगं."

इतक्या दिवसांनी. हात धुवायचंही सुचलं नाही. "काय आहे?" मी ओरडले, आणि त्याच क्षणी खोलीतूनही मी ओरडले, "काय आहे?" रेकॉर्डिंगमधली मी. मग मध्ये बराच वेळ काही नाही. नुसता श्वास. घोगरा, थांबत थांबत चाललेला. आणि मग हे म्हणाले, "काही नाही." मग पावलं, माझीच, चरफडत परत जाणारी.

मी साबणाच्या हातांनी दारात उभी राहिले. हे खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर.

तो दिवस मला आठवला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा. मी हातातलं काम टाकून दारापर्यंत आले होते. काही नाही म्हणाले म्हणून काहीतरी बडबडत परत गेले होते. बाकीच्या शब्दांना एवढा वेळ लागला नव्हता.

"त्या दिवशी," मी विचारलं, "खरंच काही नव्हतं का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मान हलवतील आणि संपेल. पण ह्यांनी फोन उचलला. बटणं नाही दाबली, टाइप करायला लागले. भाजीच्या दुकानानंतर पहिल्यांदा. बोटं अजून तशीच हलकी आहेत. मग ती बाई म्हणाली, स्वच्छ आणि स्पष्ट, "भीती वाटत होती. तुला सांगायचं होतं."

मी तशीच जाऊन पलंगाच्या कडेला बसले. साबण चादरीला लागला. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. "मलाही वाटत होती," मी म्हटलं. आणि डोळे पुसायच्या आधीच माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मग तेव्हाच का नाही बोललात, मी काय परकी होते का, एका दिवसावर ऑपरेशन आलेलं आणि काही नाही काय म्हणायचं.

ह्यांनी चष्मा नीट केला आणि पुन्हा टाइप करायला घेतलं. मी गप्प राहिले, होईपर्यंत.